50 गुंठ्यांचे 36 का होतात?

पत्र : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वडील गेल्यावर गावालगतची 1 एकर 10 गुंठे जमीन मी, धाकटा भाऊ आणि बहीण अशी तिघांच्या नावावर लागली. जमीन नगरपरिषदेच्या हद्दीला लागून आहे, पण हद्दीबाहेर. आजूबाजूला गुंठा-गुंठा घेऊन लोकांनी घरं बांधलीत. भावाने एक एजंट गाठला, चुन्याने 20 फुटी रस्ता आखला, दोन-दोन गुंठ्यांचे 22 तुकडे पाडले आणि तिघा गिऱ्हाइकांकडून प्रत्येकी 51,000 रुपये इसारही घेतला. एजंट म्हणतो, सनद काढू, ग्रामपंचायतीचा दाखला आणू, काम झालं. मी ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. जमीन प्रादेशिक योजनेत निवासी झोनमध्ये आहे, लेआउट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा आराखडा, मंजूर करून घ्या, पण 14 गुंठे जातील, असं तो म्हणाला. भाऊ भडकलाय. ‘14 गुंठे सरकारच्या घशात घालायचे?’ म्हणतो. लहानपणी इथे गुरं वळणारी बहीण आता नाशिकला असते, तिला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. कोणाचं ऐकावं? सोबत जमिनीचा कच्चा नकाशा जोडला आहे.

उत्तर :

गुरुजी, नमस्कार. बाकीचं नंतर, आधी त्या तिघांचा इसार परत करा. चेकने करा आणि पोच लिहून घ्या.

भावाला ‘बिल्डर’ म्हटलं तर तो हसेल, पण घरं-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या लेखी जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा माणूस प्रवर्तकच, म्हणजे बिल्डरच, असतो, मग त्यावर तो एक वीटही न रचो. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असेल तर महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. तुमची जमीन 5,058 चौरस मीटर आहे, म्हणजे मर्यादेच्या दहापट. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय सातबाऱ्यावर नावं तुमची तिघांची आहेत. उद्या तक्रार झाली तर एजंटाचं नाव कुठेच निघणार नाही.

आता 14 गुंठ्यांचं बघू. नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून माझी 27 वर्षं गेली. त्यात हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की तुमचं पत्र वाचताना टेबलापलीकडे कोणी पान खाऊन उभा आहे असंच वाटलं. ‘मॅडम, किती जागा जाती?’ मंजुरी कशी मिळते, हे विचारणारे फार थोडे. जागा किती जाते, हा पहिला प्रश्न.

तुमच्या नकाशावर जमीन साधारण 50 मीटर रुंद आणि 101 मीटर खोल दिसते. मुंबई आणि अशीच काही वेगळी नियमावली असलेली क्षेत्रं सोडली तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. निवासी लेआउटमधला आतला रस्ता तिथे साधारण 9 मीटरपासून सुरू होतो. 9 मीटरचा रस्ता 101 मीटर आत नेला की 909 चौरस मीटर जातात, म्हणजे 9 गुंठे. जमीन 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. ते झाले 506 चौरस मीटर, 5 गुंठे. नऊ आणि पाच चौदा. इंजिनिअरने हिशोब बरोबर सांगितलाय. उरतात 36 गुंठे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साडेवीस-साडेवीस मीटर खोलीचे, 10 मीटर तोंडाचे प्लॉट पाडले आणि एका अंगाला खुली जागा ठेवली तर 17 प्लॉट बसतात. रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायला जागा ठेवायला सांगितली तर त्यात थोडं इकडेतिकडे होईल. भावाच्या चुन्यात 22 आहेत. फरक पाच प्लॉटचा, आणि राग त्याचा आहे.

पण हे 14 गुंठे सरकार नेत नाही हो. खुली जागा त्या 17 घरांची, रस्ता त्या 17 घरांचा. सरकारचा खिळाही तिथे ठोकला जात नाही. उलट त्या जागेला सरकारनेही हात लावायचा नसतो. बंगळुरूच्या एका लेआउटमधली बागेची जागा खासगी इस्पितळाला दिली होती, तिथल्या रहिवाशांनी भांडून 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून ते वाटप रद्द करून घेतलं. विकणाऱ्याला जे ‘गेलं’ वाटतं ते घेणाऱ्याने विकत घेतलेलं असतं. प्लॉटच्या भावात ते बसवायचं असतं.

रस्ता नुसता चुन्याने आखला की काय होतं, ते माझ्या चुलतबहिणीच्या घरी पाहिलंय. तिने असाच दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला, नोटरी करून. वीस फुटी रस्ता तोंडी ठरलेला. पहिली सात-आठ वर्षं काही झालं नाही. पाण्याचा टँकर तेवढा मुख्य रस्त्यापासून उलटा आत घ्यावा लागायचा, कारण आत वळायला जागाच नाही. मागे बघून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायला रोज कोणीतरी पोरगं उभं. मग मूळ मालक वारला. रस्ता सातबाऱ्यावर त्याच्याच नावाने राहिलेला, तो वारसांना लागला, आणि एका वारसाने तो विकला. हो, रस्ताच विकला. दिवाळीच्या आधी चार दिवस तोंडाशी सिमेंटचे खांब आणि तार. चौदा घरं आत, त्यांना वहिवाट सिद्ध करायला दिवाणी कोर्टात जावं लागलं. तिच्या सासूबाईंना दवाखान्यात नेताना शेजारच्या गोठ्यातून खाटेवर उचलून बाहेर काढलं, ते मी स्वतः पाहिलंय.

आता एजंटाच्या दोन कागदांकडे येते. त्यातल्या सनदेने भलेभले फसतात. एनएचे, म्हणजे बिनशेतीचे, नियम गेल्या दहाएक वर्षांत सतत सैल होत गेले. महसूल संहितेत 42ब, 42ड अशी कलमं आली. प्रादेशिक योजनेत जमीन निवासी झोनमध्ये असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल, तर पूर्वीसारखी वेगळी बिनशेती परवानगी काढत बसावं लागत नाही. रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरली की सनद मिळू लागली. चांगली सोय आहे. पण सनद सांगते ती एवढंच, की या जमिनीचा वापर शेतीऐवजी निवासासाठी करता येईल. तिचे 17 तुकडे कसे पाडायचे, रस्ता कुठून, पाणी कुठे वाहणार, यावर सनद अवाक्षर काढत नाही. ते काम लेआउटचं, संस्कृताळलेल्या सरकारी मराठीत अभिन्यासाचं. एजंट मंडळी सनद दाखवून ‘एनए प्लॉट’ म्हणून विकतात. वाक्य खोटंही नसतं, हीच त्यातली मेख.

ग्रामपंचायतीच्या दाखल्याबद्दल फार लिहीत नाही. गावठाणाच्या आत घर बांधायला ग्रामपंचायत परवानगी देते. तुमची जमीन गावठाणाबाहेर आहे. तिथे लेआउटची मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि तीही नगररचना शाखेने नकाशा तपासून शिफारस केल्यावर. जमीन नगरपरिषदेच्या हद्दीत असती तर मुख्याधिकाऱ्यांकडे गेला असता. पुण्याच्या आसपास असता तर पीएमआरडीएकडे, म्हणजे तिथल्या महानगर विकास प्राधिकरणाकडे. सरपंच कितीही जवळचे असोत, त्यांच्या सहीने प्लॉट पडत नाहीत.

शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी करणारा तुकडेबंदी कायदा आहे, एजंट त्याचाही हवाला देईल. ‘आता सगळं नियमित झालंय, पेपरात आलंय.’ पेपरात आलं होतं हे खरं. कायद्याविरुद्ध झालेले गुंठ्यांचे जुने व्यवहार नियमित करायला 2017 च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या 25 टक्के भरायला लावले होते, पुढे ते 5 टक्क्यांवर आले, आणि 2025 मध्ये बिगरशेती झोनमधल्या 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या व्यवहारांना विनाशुल्क वाट करून दिली. तुमचे व्यवहार त्या तारखेनंतरचे. आणि ज्यांचे नियमित झाले त्यांचं खरेदीखत सातबाऱ्यावर लागलं, एवढंच झालं. टँकर अजून उलटाच जातो.

मंजुरीचा रस्ता असा. आधी मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज करून हद्द कायम करून घ्या, ‘क’ प्रत हातात घ्या. सातबाऱ्यावर 1 एकर 10 गुंठे आणि जागेवर 47 गुंठे, असं निघालेलं मी कितीदा पाहिलंय, आणि लेआउट बसतो तो जागेवरच्या क्षेत्रावर. इंजिनिअर झोन सांगतो त्यावर विसंबू नका. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना कार्यालयातून लेखी काढा. त्यातच समजेल की प्रादेशिक योजनेचा एखादा रुंद रस्ता तुमच्या जमिनीतून आखलाय का. मग परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून आराखडा आणि अर्ज.

फाईल टेबलावर आली की आम्ही सगळ्यात आधी काय बघायचो सांगू? तुमच्या जमिनीपर्यंत कायदेशीर रस्ता येतो का. आतला रस्ता नंतर, आधी पोहोचरस्ता. तुमच्या नकाशावर उत्तरेला ‘वाट’ एवढंच लिहिलंय. ती गावनकाशावरची पाणंद आहे, शिवरस्ता आहे, की शेजाऱ्याच्या मर्जीने चाललेली वहिवाट? कलम 143 खाली तहसीलदारांनी दिलेला रस्ता असला तरी तो शेतात जायला-यायला दिलेला असतो, 17 घरांच्या वस्तीला तो चालेल असं धरून बसू नका. हे पुरतं मिटवल्याशिवाय आराखड्यावर पैसे घालू नका. निम्म्या फायली इथेच अडकायच्या.

त्यानंतर नगररचना कार्यालयातला रचना सहायक जागा बघायला येतो. ओढा आहे का, विहीर कुठे, वरून विजेची मोठी लाईन जाते का. जवळ नदी असेल तर पूररेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाहीच, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा तो हिशोब. मग आराखड्यातली खुली जागा. हमखास सगळ्यात वाईट कोपऱ्यात असायची, ओढ्याच्या काठाला, नाहीतर विजेच्या तारांखाली, जिथे प्लॉट विकला जाणार नाही तिथे. आम्ही लाल पेनने बाण काढून ती रस्त्यालगत आणायला सांगायचो. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

एक गोष्ट तुमच्या भावाला नक्की खटकणार आहे, म्हणून आधीच सांगते. आतला रस्ता दक्षिणेच्या बांधापर्यंत न्या, असं सांगितलं जाईल. पलीकडे तर शेजाऱ्याचा ऊस आहे. त्याला कशाला रस्ता द्यायचा? पण दहा वर्षांनी त्या उसाचेही प्लॉट पडणार आहेत, तेव्हा त्याचा रस्ता तुमच्या रस्त्याला जुळला पाहिजे. तसं नाही केलं तर प्रत्येक शेताची एक बंद बोळ होते आणि गावाच्या कडेला अशा वीस-पंचवीस बोळी तयार होतात. एकट्या मालकाला हे कधी दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. तो आपल्या बांधापर्यंतच बघतो. कुणीतरी चार गटांचा नकाशा एकत्र ठेवून बघायला हवं, आणि कार्यालयाचं खरं काम तेवढंच आहे. बाकी निम्मं आयुष्य आम्ही तक्रारींचे शेरे मारण्यात घालवतो, ते सोडा.

आराखडा बसला की तात्पुरती मंजुरी मिळते, लोक तिला टेंटेटिव्ह म्हणतात. इथे थांबायचं नाही आणि इथे विकायचंही नाही. टेंटेटिव्हवर विकण्याची मोठी वाईट सवय आपल्याकडे आहे. या टप्प्यावर प्लॉटचे नंबर बदलतात, मापं बदलतात, आणि ज्याला 8 नंबर विकला त्याच्या जागी खुली जागा आलेली असते. टेंटेटिव्हनंतर जागेवर खुणा रोवायच्या, रस्ते, गटार मंजुरीच्या अटींप्रमाणे करायचे, भूमी अभिलेखकडून बिनशेती मोजणी करून घ्यायची. मोजणी नकाशा आराखड्याशी जुळला की अंतिम मंजुरी. त्यानंतर कमी-जास्त पत्रक होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. तो वेगळा सातबारा हातात पडला की तुमची जमीन ‘प्लॉट’ झाली. आदेशाच्या मागे बारीक अक्षरात अटी व शर्ती असतात, त्या एका रविवारी चहा घेत नीट वाचा. गुरुजी आहात, तुम्हाला कंटाळा यायचा नाही.

वेळ किती? कायद्यात 60 दिवस आहेत. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं. ऐकायला गोड आहे. पण कार्यालयाने त्रुटी काढली की तुम्ही पूर्तता केल्याच्या दिवसापासून 60 दिवस नव्याने मोजायचे. आणि मानीव परवानगीही नियमात बसणाऱ्या आराखड्यालाच लागू, 20 फुटी रस्त्याला नाही. तेव्हा 60 दिवस गेले म्हणून खुंट्या ठोकायला जाऊ नका. पत्र पाठवा आणि पोच घ्या. नकार आला किंवा घातलेली अट अन्याय्य वाटली तर कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील आहे. मंजुरी एक वर्षाची असते. वर्षावर्षाने वाढवता येते, पण फार तर तीन वर्षं. पाच वर्षं घडी करून कपाटात ठेवलेली मंजुरी बाहेर काढून लोक यायचे, त्यांना परत पहिल्यापासून फाईल करावी लागायची. सगळं धरून तुम्ही वर्ष-दीड वर्ष गृहीत धरा, आणि घरात लग्न काढलं असेल तर त्याचा खर्च या पैशांवर टांगू नका.

आता कोणीतरी येऊन तुम्हाला एक शक्कल सांगणार. आधी तिघा भावंडांत वाटप करून घ्या, प्रत्येकाचं क्षेत्र 4,000 चौरस मीटरच्या खाली आलं की 10 टक्के खुली जागाच नको. हुशारी आहे, पण जुनी. कार्यालय मागचे फेरफार मागवून मूळ क्षेत्र किती होतं आणि वाटप कधी झालं ते बघतं. शिवाय 50 गुंठ्यांचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी 16 गुंठे आणि वर थोडं. 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा चालत नाही ते, 20 गुंठे आहे, बागायतीचं 10. झोन दाखल्यात जमीन निवासीऐवजी शेती झोनमध्ये निघाली आणि ती जिरायत लागलेली असेल, तर वाटपाच्या पहिल्याच पायरीला ठेच.

भावाला पटवायचं तर नीतीवर बोलू नका, त्याच्याच भाषेत बोला. त्याच्या आखणीत विकायला 44 गुंठे आहेत, लेआउटमध्ये 36. तेवढेच पैसे यायला मंजूर प्लॉटचा गुंठ्याचा भाव साधारण सव्वापट हवा. तुमच्या गावाच्या कडेला मंजूर लेआउटमधला प्लॉट आणि नोटरीवरचा गुंठा, दोन्हींचे भाव भावालाच विचारून यायला लावा. रस्ता, गटार, विजेचे खांब यांचा खर्चही त्यात धरू द्या, लपवू नका, तो भरपूर असतो. आणि गिऱ्हाईक कोण, तेही मोजू द्या. मंजूर प्लॉटवर बँक घरासाठी कर्ज देते, म्हणजे तुमच्याच शाळेतला नोकरदार शिक्षक घेऊ शकतो. नोटरीवरच्या गुंठ्याला रोकड घेऊन येणाराच लागतो, आणि तो घासाघीस करून घेतो. हिशोब मांडल्यावरही जमत नसेल, हाताशी खर्चाला पैसा नसेल, तर आख्खी जमीन एकगठ्ठा विकणं हाही सरळ मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही.

पण यातलं काहीही करताना तीन सह्या लागतील, तुमच्याकडे दोन आहेत. अर्जावर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराची सही लागते. ‘बहिणीला साडीचोळी करून हक्कसोड घेऊ’ असं भाऊ म्हणत असेल तर त्याला सांगा, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि ते ती राजीखुशीने देईल तरच. वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा तुमच्याएवढाच आहे. 17 प्लॉटपैकी पाच-सहा तिचे. तिला माहीत नसताना तिच्या हिश्श्याचाही इसार घेतला गेलाय, ही गोष्ट तिला एजंटाकडून नाही, तुमच्याकडून कळू द्या.

मोजणीचा अर्ज भरला की तारीख मिळते. ती तिला फोन करून कळवा आणि आदल्या दिवशीच बोलावून घ्या. सकाळी मोजणीदार येईल तेव्हा तिघंही बांधावर हजर असा. आग्नेयेच्या कोपऱ्यातला जुना दगड कुठे होता, हे लहानपणी गुरं वळणाऱ्याला जेवढं आठवतं तेवढं कागदाला आठवत नाही, आणि तुम्ही लिहिलंय की गुरं तीच वळायची.